पुण्यातली मोठी सर्व्हिस कंपनी सोडून रत्नागिरीतल्या छोट्या कंपनीत जावं का? वातावरणाचे अनुभव सांगा

रातांबा
नमस्कार मंडळी. पुण्यात एका मोठ्या आयटी सर्व्हिस कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे, चौथं वर्ष चालू. आता रत्नागिरीतल्या साठ-सत्तर माणसांच्या एका कंपनीची ऑफर आलीय, काम साधारण तेच, अमेरिकेतल्या दवाखान्यांचं सॉफ्टवेअर. पगार इथल्यापेक्षा कमी, पण घर तिथल्या पावस गावाजवळ, आई एकटी, आणि पुण्यातलं भाडं, मेस आणि दर पंधरवड्याच्या ट्रॅव्हल्सचे पैसे वजा केले तर हिशेब जवळपास तिथेच येतो, त्यामुळे पगारावर चर्चा नको. विचारायचंय ते वातावरणाबद्दल. इथे माझा मॅनेजर बंगळुरात, त्याचा मॅनेजर न्यू जर्सीत, मी नक्की काय करतो हे दोघांनाही माहीत नाही आणि वर्षअखेरीस रेटिंग मात्र देतात. रत्नागिरीवाले इंटरव्ह्यूत पुन्हा पुन्हा म्हणाले, आपल्याकडे अगदी घरच्यासारखं आहे. ऐकून बरं वाटलं, थोडी भीतीपण वाटली. कोकणात अशा ठिकाणी काम केलेल्यांनी आणि मोठ्या कंपन्यांत पिकलेल्यांनी दोघांनीही लिहा. आपापल्या कंपनीचं नाव नको, उगाच धागा उडायचा.

बेंचवरचा बाळू
येवा, बेंच आपलोच आसा.

खाडीपट्टा
घरच्यासारखं म्हणजे काय ते ऐका. मी अशाच एका कंपनीत होतो, गाव सांगत नाही.

चांगलं आधी. घरून निघालं की दहा मिनिटांत खुर्चीत. दुपारी डबे उघडले की कुणाकडे बांगड्याचं तिखलं, कुणाकडे कुळथाची पिठी, आणि शाकाहारी दोघंजण लांब खिडकीपाशी रुसून. आजी गेली तेव्हा अख्खं ऑफिस घरी आलं, रजेचा अर्ज कुणी मागितला नाही. हे मोठ्या कंपनीत व्हायचं नाही.

आता दुसरी बाजू. मालक आणि माझे वडील एका शाळेतले. मी काही दिवस उशिरा गेलो तर मला कोणी अवाक्षर बोललं नाही, वडिलांना मासळी बाजारात गाठून विचारलं, चिरंजीव रात्री मोबाइल फार बघतात का हो? त्या रात्री जेवताना माझं अप्रेझल झालं, तेही आईसमोर. पगारवाढ मागायला गेलो तर म्हणाले, बहिणीचं लग्न काढलंय ना तुमच्याकडे, आहे माझ्या लक्षात, बघू दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर ते नाही सांगितलं. भांडायची सोय नाही, कारण माणूस खरंच वाईट नाही. शेवटी सोडली तेव्हा राजीनामा मालकाने पाच मिनिटांत घेतला, घरच्यांना पटवायला दोन महिने लागले.

मुलुंडचा चाकरमानी
तिखलं वाचून आत्ताच्या आत्ता रजा टाकावीशी वाटली. बाकी चालू द्या.

निवांत नाना
रातांबा, मॅनेजरला तुमचं काम माहीत नाही हे त्याचं वैयक्तिक पाप समजू नका. या धंद्यात केस पांढरे झाले म्हणून सांगतो. सर्व्हिस कंपनी मुख्यतः माणसांचे तास विकते. क्लायंटला तासाचा दर लावलेला असतो, तो वर्षानुवर्षं फारसा हलत नाही, उलट करार नवा करताना क्लायंट सूट मागतो. मग नफा कुठून काढायचा? एक म्हणजे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, माणसं कमीत कमी ठेवायची, सगळी बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल अशा कामावर. दुसरं म्हणजे पिरॅमिड, वर महागडी माणसं चार आणि खाली फ्रेशर ढिगाने. फ्रेशरचं पॅकेज दहा-पंधरा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपास अडकून पडलं ते यातूनच, आणि दहा वर्षं झालेल्या माणसाला एक दिवस अचानक तू महाग झालायस असं जाणवून दिलं जातं तेही यातूनच. रेटिंगचं म्हणाल तर वाढीचा एकूण आकडा आधी ठरतो, मग त्यात बसतील अशी रेटिंगं वाटतात. चांगली टीम असली तरी कुणालातरी खालच्या खणात टाकावंच लागतं. त्या बैठकांना मी बसलोय, तिथे तुमच्या कामाबद्दल बोलायला जेमतेम एखाद-दोन मिनिटं असतात, तीसुद्धा तुमचा लीड भांडका असेल तर.

आणि अमुक कंपनीचं वातावरण असं एकच एक काही नसतं. आमच्या मजल्यावर डावीकडे बँकेचा प्रोजेक्ट, रात्री अकरापर्यंत माणसं. उजवीकडे विम्याचा, सहाला दिवे बंद. कंपनी तीच, कॅन्टीन तेच, पोह्यात शेंगदाणे नसायचे तेही तसेच. वातावरण ठरवतो क्लायंट आणि तुमचा लीड. म्हणून रत्नागिरीवाल्यांना पहिलं विचारा, क्लायंट किती आणि सगळ्यात मोठ्याचा वाटा केवढा. एकाच क्लायंटवर दुकान चालत असेल तर तो गेला की सगळंच गेलं.

बेंचवरचा बाळू
नाना, मी महाग झालोय हे जरा आमच्या घरी फोन करून सांगाल का? इथे कोणाचा विश्वास बसत नाही.

हिंजवडी फेज ३
सरळ बोलतो, राग मानू नका. चौथ्या वर्षात गावी जाणं म्हणजे करिअरची लवकर घेतलेली पेन्शन. साठ माणसांच्या कंपनीत शिकवणार कोण? तेच जुनं टूल, तेच मॅन्युअल टेस्टिंग, पाच वर्षांनी बाहेर पडलात तर बाजार कुठल्या कुठे गेलेला असेल. आईला पुण्यात आणा. माझ्या आईवडिलांना आणलंय मी, छान रमलेत.

माका काय
फेज तीनात तू काय शिकलंस रे? लेन कटिंग?

रातांबा
फेज ३, आईला आणायचा प्रयत्न झाला. चार दिवसांत तिने सोसायटीच्या वॉचमनला विचारलं की इथे विहीर कुठे आहे. ती नाही राहणार, आणि कलमांकडे बघायला तिथे दुसरं कोणी नाही. शिकण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, तो माझ्याही डोक्यात आहे.

सुरंगी
सगळे पुरुष बोलतायत म्हणून लिहिते. घरच्यासारखं वातावरण बाईच्या वाट्याला आलं की त्यात घरकाम आपोआप येतं. मी अशाच एका छोट्या कंपनीत डेटाबेस सांभाळायला होते. क्लायंट भेटीला आला की औक्षणाचं ताट माझ्या हातात, संक्रांतीचा तिळगूळ माझ्याकडे, मालकांच्या मुलीच्या बारशाला रांगोळी पण मीच. कोणी जबरदस्ती नाही केली, तू छान काढतेस गं एवढंच.

दुसरं, वेळ. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या क्लायंटचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे जातात आणि तोच कॉल साडेसातला येतो, तो मार्चपर्यंत. पुण्यात याने काही बिघडत नाही. आमच्याकडे शेवटची एसटी सव्वासातची. एक तासाच्या फरकाने माझा हिवाळा रिक्षाभाड्यात आणि सहकाऱ्यांच्या गाड्यांवर मागे बसण्यात गेला, आणि मग गावात त्यावरही चर्चा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय करावी लागते. पण कॉल नऊला संपला की तुम्ही कायद्याच्या अलीकडे, आणि एसटी तर केव्हाच गेलेली.

तिसरं, दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, २०१३ चा कायदा आहे, अध्यक्ष बाई हवी आणि एक सदस्य बाहेरची हवी. आमच्याकडे होती की समिती. अध्यक्ष मालकांची बायको, बाहेरची सदस्य तिची मावसबहीण. करा तक्रार.

पुण्यातली माझी आताची कंपनी रुक्ष आहे, टीममधल्या निम्म्यांचे चेहरे मी फक्त स्क्रीनवर पाहिलेत. पण तक्रार केली तर तिला नंबर मिळतो.

एचआर वहिनी
सुरंगीताई, समितीचं शंभर टक्के पटलं. छोट्या कंपनीत एचआर म्हणून मी जे काय करते त्यात पगारपत्रकं, चहाचं बिल, इन्व्हर्टरवाल्याला फोन आणि मालक चिडले की त्यांना शांत करणं हे सगळं येतं, बाहेरची सदस्य कायद्यात हवी म्हणून कुणाला तरी गाठा असं मलाही सांगितलं गेलंय. मी एका महिला संस्थेतल्या बाईंना विनंती करून आणलं. मालकांना आवडलं नाही. असो.

पण इथे नोटीस पिरियडला शिव्या पडण्याआधी आमचीही बाजू मांडते. २०२१-२२ आठवा. मोठ्या कंपन्यांची गळती वीस टक्क्यांच्या वर गेली होती. तीन-तीन ऑफर खिशात घालून फिरणारी पोरं, जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. एकाने तर मला आजी गेली म्हणून कळवलं, आणि आजी संध्याकाळी आमच्याच गल्लीत भाजी घेताना भेटली. गावातल्या कंपनीत हे एक बरं, थापा पचत नाहीत.

खाडीपट्टा
वहिनी, आजी भेटली म्हणजे मालकांना सांगितलंत ना? बघा, हेच म्हणतोय मी.

एचआर वहिनी
नाही सांगितलं. आजीला सांगितलं. पुढचं आजीने बघितलं.

माका काय
तुमचा सगळा बरोबर आसा, पण चतुर्थीच्या रजेचा अजून कोणच बोलाक नाय.

मुलुंडचा चाकरमानी
आला बघा मुद्द्यावर माणूस! वातावरण वगैरे सोडा, कोकणी माणसाने कंपनी निवडताना एकच प्रश्न विचारावा, गणपतीत सोडता का. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ६० दिवस आधी उघडतं. उघडल्या उघडल्या कोकणकन्या काय, मांडवी काय, तुतारी काय, सगळीकडे वेटिंग. आणि आमचे साहेब रजा मंजूर करतात आठवडा आधी, प्लॅन बघून सांगतो म्हणतात. म्हणजे तिकीट काढायचं ते देवावर हवाला ठेवून, ज्याच्यासाठी जायचंय त्याच्यावरच. साहेब उत्तरेकडचे, त्यांना वाटतं गणपती एक दिवसाचा. त्यांना सांगितलं गौरीसकट आमचे इतके दिवस असतात, पूजेला बसणारा घरात मीच. तर म्हणाले, व्हिडिओ कॉलवर नाही का होत? मी म्हटलं होते की साहेब, पण प्रसाद तुम्हाला डाउनलोड करून घ्यावा लागेल. त्या वर्षीचं रेटिंग विचारू नका.

हिंजवडी फेज ३
गावातल्या ऑफिसात तर याहून वाईट असणार. सगळ्यांनाच त्याच दिवशी रजा. मग सपोर्टला कोण बसतं, मालक?

मिरकरवाडा
मी बसतो. 😀

रत्नागिरीतच अशा एका ऑफिसात आहे, रातांबा यांना ऑफर आली ते हेच की दुसरं ते विचारत नाही. आमच्यात सरळ हिशेब आहे, गणपतीचे दिवस मी आणि अजून दोघंतिघं सांभाळतो, त्यातली एक नागपूरची. बदल्यात ईद आणि नाताळला आम्हाला कुणी हात लावायचा नाही. उकडीचे मोदक डेस्कवर पोच, इतके की अनंत चतुर्दशीपर्यंत मला पोळी दिसलेली नसते. अडचण आमचीच वेगळी आहे. क्लायंट ओहायोचा, त्याला ईदची तारीख महिनाभर आधी हवी असते. त्याला सांगितलं की चंद्र दिसला तर उद्या, नाही दिसला तर परवा. त्याने कॅलेंडरमध्ये दोन्ही दिवस अडवून खाली लिहिलं, चंद्रावर अवलंबून. आता त्यांच्या रिलीजच्या यादीत ते दरवर्षी असतं.

खाडीपट्टा यांचं खरं असेल, पण सगळीकडे मालक घरी निरोप धाडत नाहीत. आमचे मालक स्वतः मुंबईला मोठ्या कंपनीत खूप वर्षं होते, करोनाच्या वेळी परत आले. पगारवाढ ठरल्या महिन्यात होते, मोठी होत नाही. ओरडतात, पण ज्याला ओरडायचं त्यालाच.

शिकण्याबद्दल फेज ३ म्हणतात त्यात तथ्य आहे आणि नाही. छोट्या टीममध्ये टेस्टरला क्लायंटशी थेट बोलावं लागतं, सर्व्हर बंद पडला तर तोही बघावा लागतो, ऑटोमेशनसाठी, म्हणजे हाताने करायचं टेस्टिंग प्रोग्राम लिहून करायला, वेगळं माणूस नसतं म्हणून आपणच शिकून करायचं. पण आपण जे केलं ते बरोबर की चूक हे सांगणारा वरचा माणूस नसतो. मी तीन वर्षं एक गोष्ट उलटी करत होतो असं क्लायंटच्या नवीन माणसाने दाखवलं, तोवर सगळे मला एक्स्पर्ट म्हणत होते.

निवांत नाना
मिरकरवाडा, शेवटचा परिच्छेद फार मोलाचा. मोठ्या कंपनीत उलट असतं, बरोबर काय ते सांगणारे सतराजण आणि करणारा एक.

देवगड पायरी
थोडं अवांतर. आमच्या पुण्याच्या कंपनीच्या करारात आहे की दुसरा कुठलाही व्यवसाय करायचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोच्या अध्यक्षांनी जाहीर केलं होतं ना, प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं म्हणून, तेव्हापासून आमच्या एचआरचे दर तिमाहीला इशारे येतात. माझा प्रश्न असा की एप्रिल-मेमध्ये मी बाबांच्या पेट्या ऑफिसात विकतो, हे मूनलाइटिंग, म्हणजे नोकरी करता करता गुपचूप केलेलं दुसरं काम, धरतात का?

बेंचवरचा बाळू
हापूस विकलास तर नाही. पायरी विकलीस तर प्रतिस्पर्ध्याचं काम.

मुलुंडचा चाकरमानी
एचआरला एक पेटी दे, मग विचार.

एचआर वहिनी
पाच डझनाची. कच्चा माल चालेल, पेंढा घरी आहे. आणि खरं उत्तर, करारात व्यवसायाला लेखी परवानगीची अट असेल तर दोन ओळींचा मेल टाकून ठेवा, घरची बागायत आहे, हंगामात विक्री असते. कोणी नाही म्हणत नाही. न सांगता केलेलं नंतर हवं तेव्हा उकरून काढता येतं, तेवढंच लक्षात ठेवा.

ओहोटी
घरून काम, गावाकडून काम यावर सगळे गोड लिहितात म्हणून दापोलीचं सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीत एक माड धड राहिला नाही, पोफळी आडव्या, विजेचे खांब रस्त्यावर. वीज यायला आठवडे गेले. मी तेव्हा मुंबईच्या कंपनीचं काम घरून करत होते. तिसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या गाडीत बसून रेंज शोधत सड्यावर गेले, तिथून मॅनेजरला फोन लागला. घर कसं आहे विचारलं, ते खोटं नाही बोलणार. लगेच पुढचं वाक्य, तुझा बॅकअप प्लॅन काय होता? मी म्हटलं कौलं. कौलं उडाली.

ते सगळे दिवस माझ्या रजेतून कापले. नियमात वादळ बसत नव्हतं, आणीबाणीची रजा फक्त ऑफिस ज्या शहरात आहे तिथल्यांना होती. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा नियम बदललेला होता, कारण तोवर निम्मी टीम आपापल्या गावी बसलेली होती. क्लायंट मात्र दोन्ही वेळा माणूस निघाला, त्याच्याकडे फ्लोरिडात दरवर्षी असंच होतं म्हणाला, पत्रा नीट बसव आणि मग ये.

वाशिष्ठीकाठ
ओहोटी, चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा तळमजला गेला, कंपनीचा लॅपटॉप पण. माळ्यावर आईची भांडी चढवू की लॅपटॉप असा विचार करायला वेळ होता का? पाणी उतरल्यावर चिखलात सापडला. कंपनीने पंचनाम्याची प्रत मागितली, दिली. मग खरेदीची किंमत पगारातून वळती करायचा मेल आला. भावाने सुचवलं त्याप्रमाणे उत्तरात विचारलं की मालमत्तेचा विमा कंपनीने उतरवला होता का, तो दावा केलात का. दोन आठवडे शांतता, मग वसुली रद्द झाल्याचा एका ओळीचा मेल. माफीबिफी नाही.

त्याच वेळी बायकोच्या गावातल्या छोट्या ऑफिसातली मुलं फावडी घेऊन आली आणि दोन दिवस गाळ काढला. नियमात तेही कुठे नव्हतं. त्याच ऑफिसने तिचा दोन महिन्यांचा पगार थकवला होता हेही खरं, त्यामुळे मी कुठल्या बाजूचा ते मला विचारू नका.

कलम कारकून
आता जरा कामाचं. रातांबा, ऑफर लेटर हातात आलं की बघायच्या गोष्टी. वीस माणसं झाली की पीएफ लागू, तेव्हा साठ-सत्तर माणसांत पीएफ नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा. आहे म्हणाले तर तिथल्या कुणाला तरी पासबुक उघडून दाखवायला सांगा, दर महिन्याला जमा होतोय का. पगारातून कापून न भरणारे महाभाग असतात. सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या पॅकेजच्या एकूण आकड्यात, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरली आहे का बघा. बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी म्हणून दाखवतात आणि कायम नोकरीत ती मिळायला पाच वर्षं लागतात, म्हणजे तोवर कागदावरचा पैसा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत असतील तर देऊ नका, दाखवा आणि परत आणा.

बाँड असेल तर नीट वाचा. बाँड म्हणजे रद्दी असं जो तो सांगतो, पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध धरली. ती सरकारी बँक, तिथे भरतीची प्रक्रिया खर्चिक असते हे कारण होतं, त्यामुळे कुठल्याही खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. तरी सही करताना रद्दी समजून करू नका.

आणि रजा. २०१७ च्या कायद्यात आठ दिवस किरकोळ रजा आहे, शिवाय हक्काची रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. घरच्यासारख्या ठिकाणी रजेची वहीच नसते, हवी तेव्हा घ्या म्हणतात. ऐकायला छान, पण सोडताना शिल्लक रजेचे पैसे मागायला गेलात की वही नाही म्हणून शिल्लकही नाही.

खाडीपट्टा
कलमराव, वहीचं अगदी तंतोतंत. मला मालक म्हणाले, आपल्यात असला हिशेब कधी केला का आपण?

हिंजवडी फेज ३
एवढं सगळं वाचून मी माझ्या मतावर आहे. मोठ्या कंपनीत निदान उद्या दुकान बंद होणार नाही.

निवांत नाना
दुकान बंद नाही होत, तुमचा गाळा बंद होतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की २ टक्के, म्हणजे सुमारे बारा हजार माणसं कमी करणार, मधल्या आणि वरच्या फळीतली जास्त. देशातली सगळ्यात मोठी आयटी कंपनी. माझ्या पिढीत तिथे लागला की आई पेढे वाटायची आणि सरकारी नोकरीसारखं धरायची. आता एआयमुळे पहिलं मॅन्युअल टेस्टिंगच पातळ होणार असं दिसतं, ते हिंजवडीत बसून करा नाहीतर मिरजोळे एमआयडीसीत बसून करा. म्हणून रातांबा, गाव की शहर याच्या आधी ऑटोमेशन पक्कं करा. दोन्हीकडे लागेल.

रातांबा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने गेलो आणि शनिवारी ऑफिसला जाऊन आलो, इथले प्रश्न वहीत लिहून नेले होते. क्लायंट तीन आहेत, पण नानांचा पुढचा प्रश्न विचारल्यावर कळलं की अर्ध्याहून जास्त बिलिंग एकाचंच, आणि त्याचा करार पुढच्या मार्चला संपतो. हे त्यांनी लपवलं नाही, त्याचं बरं वाटलं. पीएफ आहे, तिथल्या एका मुलीने स्वतःचं पासबुक उघडून दाखवलं. तिलाच समितीचं विचारलं, तर बाहेरच्या सदस्य म्हणून कॉलेजातल्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत म्हणाली. सुरंगीताई, तिळगूळ कोण वाटतं हेही विचारलं. ती हसली आणि म्हणाली, यंदा मुलग्यांना लावलं, त्यांनी पाकीटं आणली. बाँड नाही. नोटीस दोन महिने.

अडलं ते पगारवाढीवर. कधी आणि कशावर ठरते विचारलं तर मालक म्हणाले, तुम्ही काम दाखवा, आम्ही काय परके आहोत का. आधी विचारून झालं होतं पावसचे म्हणजे नक्की कुणाचे, मग आमच्या आजोबांची ओळखही निघाली. त्यानंतर आकडा बोलायला मलाच अवघड झालं, हे खाडीपट्टा यांनी सांगितलं नसतं तर मी मान डोलावून चहा पिऊन आलो असतो. म्हटलं, काका, परके नाही म्हणूनच लिहून द्या. जरा गप्प झाले. मेल करतो म्हणालेत, आज चौथा दिवस.

एचआर वहिनी
शाबास. आता तुम्हीच मेल टाका, बोलणं झालं त्याप्रमाणे अशी सुरुवात करून पहिली वाढ अमुक महिन्यात, अमुक निकषांवर असं लिहा आणि ठीक आहे का विचारा. आमच्यासारख्या ठिकाणी मालकांना नकार द्यायचा नसतो, टाइप करायचा कंटाळा असतो.

सुरंगी
पाकीटं आणली 😂 चालेल, सुरुवात आहे. आणि कॉलच्या वेळा नोव्हेंबरात काय होतात ते विचारलंत का? तुमच्याकडे गाडी आहे, मान्य. पण पावसातून भाट्याचा पूल ओलांडून रात्री घरी जायचंय तुम्हाला रोज.

रातांबा
ते राहिलं. आजच्या मेलमध्ये घालतो. वहिनी म्हणतात तसा मसुदा केलाय, नाना, एकदा नजर टाकाल का, व्यक्तिगत निरोपात पाठवतो. इथली नोटीस ९० दिवसांची असल्याने मार्चच्या कराराचं काय होतं याचा थोडा अंदाज यायला वेळ तसाही मिळतोय.

निवांत नाना
पाठवा. आणि इथला राजीनामा तिकडचं लेखी आल्याशिवाय टाकू नका.

शेवंती
नमस्कार, नवीन सभासद आहे. हा धागा पूर्ण वाचला. रत्नागिरीतल्या त्या कंपनीत अजून जागा आहेत का? भाच्याचं इंजिनिअरिंग यंदा झालंय, मुलगा खूप शांत आहे, शब्द टाकता आला तर बघा ना.

मिरकरवाडा
आमच्याकडे दोन आहेत, बायोडाटा पाठवायला सांगा. वडिलांचा नंबर त्यात घालू नका म्हणावं.